ईजीआर बंद करू नका, साफ करा: डिझेल गाडी पीयूसीत पास करायची तर

पाच-सात वर्षं शहरात फिरलेली डिझेल गाडी पीयूसीला नेली, सायलेन्सरमध्ये नळी घातली, रेस दिली आणि स्क्रीनवरचा आकडा मर्यादेच्या वर गेला, की गॅरेजमधून एक सल्ला हमखास येतो: "ईजीआर बंद करून टाकू. धूर गायब, पिकअप पण वाढेल." सल्ला खोटा नाही. धूर खरंच कमी होतो आणि पीयूसीही मिळते. तरीही तो मानू नका. आपल्याकडची पीयूसी डिझेल गाडीचा फक्त धूर बघते, आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) बसवलेला असतो तो धुरासाठी नाही, नायट्रोजन ऑक्साइडसाठी. तो वायू पीयूसीच्या यंत्रात मोजलाच जात नाही. म्हणजे ईजीआर बंद केलेली गाडी कागदावर स्वच्छ आणि रस्त्यावर आधीपेक्षा घाण, असा प्रकार होतो.

पास होण्याचा सरळ रस्ता साफसफाईचा आहे. त्याला एक रविवार आणि थोडी चिकाटी लागते. पुढचं सगळं मुख्यतः बीएस-तीन आणि बीएस-चार (बीएस म्हणजे भारत स्टेज, सरकारी प्रदूषण निकषांचे टप्पे) डिझेल गाड्यांसाठी आहे. पेट्रोल आणि बीएस-सहाबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलंय.

आधी ईजीआर म्हणजे काय ते

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही भाग परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाते त्या वाटेत) सोडायचा, एवढंच त्याचं काम. जळून झालेल्या वायूत ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ जास्त. हे वायू उष्णता शोषतात, ज्वलनाचं कमाल तापमान खाली येतं, आणि हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावायला जी प्रचंड उष्णता लागते ती मिळत नाही. डिझेल गाडी हळू, कमी लोडवर चालत असेल तेव्हा सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचा मोठा हिस्सा असा परत फिरवलेला वायू असू शकतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र ईसीयू (इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) व्हॉल्व्ह बंद करतो, कारण तेव्हा सगळी ताजी हवा हवी असते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पीयूसीचं कोडं त्यातच आहे. पीयूसीत उभ्या गाडीला एकदम पूर्ण रेस देतात. व्हॉल्व्हने त्या क्षणी झटकन बंद व्हायला हवं. काजळीने जड झालेला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, किंवा बंद व्हायला उशीर करतो. डिझेल भरपूर आलं, हवा कमी पडली, की काळा भपका.

मांडणी अशी असते: एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून एक पाइप निघतो, बहुतेक गाड्यांत तो ईजीआर कूलरमधून जातो (त्यात कुलंट फिरतं), मग व्हॉल्व्ह, मग इनटेक मॅनिफोल्ड. जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतो, नंतरच्यांत त्याला छोटी विजेची मोटर आणि पोझिशन सेन्सर असतो. किती उघडायचं हे ईसीयू ठरवतो, आणि त्यासाठी एअर फिल्टरच्या मागे बसलेल्या एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग वापरतो.

चोक होण्याचं कारणही याच मांडणीत आहे. एक्झॉस्टकडून कोरडी काजळी येते, दुसरीकडून क्रॅंककेसमधली (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागातली) तेलाची वाफ इनटेकमध्ये येते. दोन्ही व्हॉल्व्हपाशी भेटतात आणि चिकट काळा थर जमतो. हिंजवडीच्या किंवा सायन-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये रोज दुसऱ्या गिअरवर रेंगाळणाऱ्या गाडीत तो लवकर जमतो, कारण ईजीआर सगळ्यात जास्त उघडा असतो तो अशाच चालण्यात. आठवड्यातून एकदा खंबाटकी चढणारी गाडी त्या मानाने सुखी.

पीयूसी नेमकं काय मोजतं

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ खाली ही चाचणी होते. नवीन गाडीला नोंदणीपासून पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-चार आणि बीएस-सहा गाड्यांना प्रमाणपत्र वर्षभर चालतं, त्याआधीच्यांना सहा महिने.

डिझेलसाठी स्मोक मीटर वापरतात. धुरातून प्रकाश सोडून किती अडतो ते बघायचं, आणि उत्तर 'के' नावाच्या आकड्यात येतं. बीएस-चारच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा २.४५, बीएस-चारला १.६२. बीएस-सहाला त्याहून कडक. तुमची गाडी कुठल्या बीएसची हे आरसी बुकावर बघा, अंदाजाने ठरवू नका. देशभर बीएस-चार १ एप्रिल २०१७ पासून आलं, पण मुंबई, पुणे आणि सोलापूर त्या आधीच्या तेरा शहरांच्या यादीत होती, तिथे ते २०१० मध्येच लागू झालं. त्यामुळे २०१३ सालची पुण्यात नोंदलेली गाडी बीएस-चार असू शकते आणि तेव्हाच दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली तशीच दिसणारी गाडी बीएस-तीन.

पहिली पायरी: स्वस्तातली कारणं आधी काढा

धूर म्हटला की थेट ईजीआर खोलायचा, ही घाई नको. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. हवा कमी पडायला इतर कारणंही आहेत आणि ती बघायला जवळपास काही लागत नाही.

एअर फिल्टर काढा, उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. फुंकून-झटकून परत बसवलेल्या फिल्टरने पीयूसीचा आकडा वाढलेला मी पाहिला आहे, आणि नवा फिल्टर पीयूसी दंडाच्या मानाने काहीच नाही.

मग टर्बो ते इंटरकूलर ते इनटेक हे रबरी होज हाताने चाचपा. क्लँपच्या जवळ, वळणाच्या आतल्या बाजूला, खालच्या अंगाला. बाहेरून तेलकट आणि धुळीचा लगदा चिकटलेली जागा दिसली तर तिथे बहुतेक चीर आहे. गाडी चालताना चढावर शिट्टीसारखा आवाज येत असेल, पिकअप मेलं असेल आणि मागे काळा ढग, तर आधी होज बघा. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटते, सेन्सरने मात्र ती मोजलेली असते, त्या हिशेबाने डिझेल पडतं. हे दुखणं ईजीआरच्या नावावर फार खपतं.

एअर फ्लो सेन्सर घाण असेल तरी गणित चुकतं. त्याच्यासाठी वेगळा सेन्सर क्लीनर स्प्रे मिळतो, तोच वापरा. कार्ब क्लीनर मारला तर आतली नाजूक तार किंवा फिल्म जायची. ब्रश, कापड, कानातली काडी काहीही लावू नका. स्प्रे मारा, पूर्ण वाळू द्या, बसवा.

इंजेक्टर शेवटी. सकाळी स्टार्टिंगला त्रास, आयडलिंगला ठक-ठक, एखादा सिलिंडर मिस, अशी लक्षणं असतील तर डिझेल पंप-इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्याकडे दाखवावं लागेल. ते घरी होणारं काम नाही.

दुसरी पायरी: स्कॅनर लावा

स्टीअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची जागा) असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवर चालतो. चेक इंजिन लाइट लागलेला नसला तरी लावून बघा, कारण बिघाडाचे काही कोड लाइट न लावता साठलेले असतात.

ईजीआरच्या घरातले कोड असे: पी०४०१ म्हणजे प्रवाह कमी (व्हॉल्व्ह उघडत नाही किंवा पाइप चोक), पी०४०२ म्हणजे प्रवाह जास्त (व्हॉल्व्ह बंद होत नाही), पी०४०३ म्हणजे वायरिंग किंवा विजेचा भाग, पी०४०४ म्हणजे ईसीयूने सांगितलेली आणि प्रत्यक्षातली स्थिती जुळत नाही. पीयूसीत धुराने नापास झालेल्या गाडीत पी०४०२ किंवा पी०४०४ दिसला तर आपण बरोबर वाटेवर आहोत. पी०४०१ असेल तर जरा थांबा: ईजीआर उघडतच नसेल तर धूर त्याच्यामुळे वाढलेला नाही, कारण पहिल्या पायरीत शोधा. ईजीआर तरीही साफ करायचाच आहे, पण पीयूसीचं कारण म्हणून नाही.

स्कॅनर लाइव्ह डेटा दाखवत असेल तर आणखी बरं. ईजीआरची मागितलेली टक्केवारी आणि मिळालेली टक्केवारी शेजारी-शेजारी लावा. इंजिन गरम, आयडलिंगवर. मग हळू रेस द्या, सोडा. मागणी शून्यावर आली आणि प्रत्यक्ष आकडा पंधरा-वीसवर अडकून राहिला, की व्हॉल्व्ह बसत नाहीये हे खोलण्याआधीच कळतं.

कोड नुसते डिलीट करून पीयूसीला पळू नका. त्याने धूर एका रेघेनेही कमी होत नाही.

तिसरी पायरी: व्हॉल्व्ह काढून साफ करणं

हे काम कोणाला जमेल? ज्याने स्वतः एअर फिल्टर, बॅटरी, बल्ब बदललेत आणि ज्याच्याकडे सॉकेट सेट आहे त्याला. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन एके काळी स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत इतक्या गाड्यांत होतं की त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे, आणि त्याचा एक कारखाना आपल्या रांजणगावातच होता. अशा इंजिनांची माहिती, व्हिडिओ, सुटे भाग मुबलक मिळतात. तुमची गाडी कमी खपाची असेल, किंवा व्हॉल्व्ह इंजिनच्या मागे फायरवॉलला चिकटून असेल, तर माहितगार मेकॅनिककडे द्या आणि समोर उभं राहून करून घ्या.

आदल्या दिवशीची तयारी: व्हॉल्व्हचे नवे गॅस्केट आणून ठेवा. जुना गॅस्केट परत बसवायचा मोह होतो, पण तिथून एक्झॉस्ट गळला तर सगळं परत खोलावं लागतं. संध्याकाळी बोल्टांच्या बुडाशी डब्ल्यूडी-४० किंवा तसला स्प्रे मारून ठेवा, ते उष्णतेने धरलेले असतात. तुटलेला बोल्ट हेडमधून काढायला लागला तर रविवारचा बुधवार होतो.

सकाळी इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. मोबाइलने चारी बाजूंनी फोटो घ्या: कुठला होज कुठे, कुठली क्लिप, कुठला लांब बोल्ट, कुठला आखूड. हातमोजे, चष्मा आणि मास्क घाला. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत टाकलंय, आणि आपण त्याचीच पावडर खरवडणार आहोत.

व्हॉल्व्हला किंवा कूलरला कुलंटचा होज असेल तर खाली भांडं ठेवा, होजला चिमटा लावा, बाहेर आलेलं कुलंट मोजून ठेवा. नंतर त्याच प्रकारचं भरायचं आणि हवा काढायची. गरम इंजिनवर कुलंटचं काहीही उघडायचं नाही.

कनेक्टर काढा, बोल्ट आळीपाळीने सैल करा, व्हॉल्व्ह हलवून सोडवा. निघाल्या-निघाल्या इनटेकच्या भोकात स्वच्छ कापड कोंबा. खरवडलेला तुकडा आत पडला तर तो सिलिंडरमध्ये जातो.

आता हातातल्या वस्तूकडे नीट बघा, ती बरंच सांगते. थर कोरडा, काळा, बोटाने चोळल्यावर भुसभुशीत उडणारा असेल तर तो नेहमीचा, कमी वेगाच्या चालवण्याचा. थर ओला, चकाकणारा, तव्याला धरलेल्या खरपुडीसारखा जाड आणि बोटाला चिकटणारा असेल तर तेल जास्त येतंय: क्रॅंककेसचा ब्रीदर किंवा टर्बोचं सील तपासा, नाहीतर व्हॉल्व्ह साफ करूनही काही महिन्यांत पुन्हा तेच. थर पांढुरका, खारवल्यासारखा दिसला तर कुलंट येतंय, म्हणजे कूलर फुटलाय. कुठेही गळती न दिसता कुलंट कमी होणं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, हे त्याचं दुसरं लक्षण. फुटका कूलर साफसफाईने सुधारत नाही, बदलावाच लागतो, आणि तो टाळला तर इंजिन जातं.

जाड थर आधी आइसक्रीमच्या काडीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. स्क्रूड्रायव्हर व्हॉल्व्हच्या सीटवर (बंद होताना तो जिथे टेकतो त्या कडेवर) चालवला तर चरा पडतो आणि व्हॉल्व्ह कायमचा गळतो. मग कार्ब क्लीनर किंवा ईजीआर क्लीनर मारा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, पुन्हा मारा. विजेचा व्हॉल्व्ह असेल तर मोटरची बाजू कायम वर ठेवा, म्हणजे क्लीनर दांडीच्या फटीतून मोटरमध्ये उतरणार नाही. संपूर्ण व्हॉल्व्ह पेट्रोलच्या डब्यात बुडवून ठेवणारे लोक असतात. व्हॅक्यूमच्या जुन्या लोखंडी व्हॉल्व्हचं त्यात निभावतं, मोटरवाल्याची वाट लागते.

साफ झाला हे कसं ओळखायचं? व्हॅक्यूमच्या व्हॉल्व्हला हातपंपाने व्हॅक्यूम द्या: दांडी उचलली पाहिजे, व्हॅक्यूम टिकला पाहिजे, सोडल्यावर टक आवाज करून बसली पाहिजे. विजेच्या व्हॉल्व्हची दांडी बोटाने जोर लावून ढकलू नका, आत प्लॅस्टिकच्या गिअर असतात. त्याची परीक्षा बसवल्यावर स्कॅनरने घ्यायची. सीट बसते का हे बघायची गॅरेजची जुनी युक्ती: व्हॉल्व्ह उभा धरून सीटच्या बाजूला थोडं रॉकेल ओता. तळातून धार लागली तर अजून काजळी आहे किंवा सीट झिजली.

व्हॉल्व्ह ज्या तोंडावर बसतो ते तोंड आणि इनटेक मॅनिफोल्डचा हाताला लागेल तेवढा भागही साफ करा, कापड आतच ठेवून. मॅनिफोल्डचं भोक करंगळीएवढं उरलेलं असेल तर ते वेगळं मोठं काम आहे, मॅनिफोल्ड उतरवूनच करावं लागतं.

काळं झालेलं क्लीनर आणि चिंध्या मोरीत किंवा गटारात टाकू नका. डब्यात भरा, गॅरेजमध्ये जिथे जुनं ऑइल गोळा करतात तिथे द्या.

चालू इंजिनच्या इनटेकमध्ये स्प्रे मारून "न खोलता साफ" करायचे डबेही मिळतात. नवख्याने डिझेल गाडीवर हा प्रयोग करू नये असं मला वाटतं. डिझेल इंजिन इनटेकमधून आलेलं काहीही ज्वलनशील जाळतं. प्रमाण चुकलं तर ते स्वतःहून रेस घेत सुटतं आणि चावी फिरवून बंदही होत नाही. शिवाय सुटलेले मोठे तुकडे कुठे जातात, हे बाहेरून दिसत नाही.

चौथी पायरी: बसवणं आणि शिकवणं

नवा गॅस्केट, दोन्ही तोंडं कोरडी, बोल्ट आधी हाताने सगळे लावून मग आळीपाळीने आवळा. कोंबलेलं कापड काढलं का? हा प्रश्न स्वतःला मोठ्याने विचारा.

बॅटरी जोडा, कुलंट भरा, स्कॅनर लावा, जुने कोड काढा. विजेच्या व्हॉल्व्हला आता 'पूर्ण बंद' म्हणजे कुठे हे नव्याने शिकवावं लागतं, कारण आधी काजळीच्या थरावर बसणं हेच त्याचं बंद होतं. काही गाड्या इग्निशन बंद केल्यावर स्वतःच व्हॉल्व्ह हलवून शिकतात. बोनेटपाशी कान दिला तर क्षणभर बारीक घरघर ऐकू येते. काहींना स्कॅनरमधून ईजीआर अ‍ॅडॅप्टेशन चालवावं लागतं, आणि स्वस्त स्कॅनरमध्ये ते नसतं. गॅरेजमध्ये दहा मिनिटांचं काम आहे, करून घ्या.

मग गाडी हायवेवर न्या. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर अर्धा तास जरा खालच्या गिअरमध्ये, इंजिन चढ्या आरपीएमवर ठेवून, वेगमर्यादेतच चालवा. सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी झटकली जाते. पहिल्या काही जोरदार पिकअपला मागे काळा ढग आला तर घाबरू नका, तो जुना माल आहे. परत आल्यावर लाइव्ह डेटा पुन्हा बघा आणि जोडांपाशी फुसफुस आवाज नाही ना, हे ऐका.

पाचवी पायरी: पीयूसीच्या दिवशी

गरम गाडी न्या. थंड इंजिनवर धूर जास्त येतो, आणि नियमानेही इंजिन ऑइल गरम असावं लागतं. घराशेजारच्या पेट्रोल पंपावर पाच मिनिटांत पोहोचण्यापेक्षा वीस-तीस मिनिटांचा फेरा मारून जा. रांग असेल तर गाडी आयडलिंगवर ठेवू नका, त्यात पुन्हा काजळी साठते. नंबर आला की चाचणीआधी तीन-चारदा रेस देऊन सायलेन्सर मोकळा करायला सांगा. ती पद्धतच आहे, मेहरबानी नाही.

टायमिंग बेल्टची मुदत उलटून गेली असेल तर आधी बेल्ट बदला आणि मग पीयूसीला जा. या चाचणीत इंजिनला कमाल आरपीएमपर्यंत नेतात, जुना बेल्ट तिथेच दगा देऊ शकतो. ऑइलची पातळीही बघून जा, कमी-जास्त दोन्ही नको.

माणूस नळी सायलेन्सरमध्ये नीट आत घालतोय का ते बघा. नुसती टेकवलेली नळी बाहेरची हवा ओढते, आकडा फसवा येतो. रेस काही वेळा दिली जाते आणि जुळणाऱ्या रीडिंगची सरासरी धरतात. जून २०२१ पासून देशभर प्रमाणपत्राचा नमुना एकच आहे, त्यावर क्यूआर कोड असतो, आणि मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. फोन घरी विसरू नका.

नापास झालात तर त्याच नमुन्यात कारण लिहिलेली रिजेक्शन स्लिप मिळायला हवी. मागून घ्या. गॅरेजला "धूर येतो" सांगण्यापेक्षा आकडा दाखवलेला बरा: १.६२ च्या जागी १.८ आला असेल तर फिल्टर आणि हायवेची फेरी यात सुटायची शक्यता आहे. ४ आला असेल तर फेऱ्या मारून उपयोग नाही. यंत्रच बिघडलंय असा संशय असेल तर दुसऱ्या केंद्रावर चाचणी करून घेता येते. पैसे घेऊन गाडी न आणता पीयूसी देणारे भेटतील, पण रस्त्यात अडवून गाडीची पुन्हा चाचणी घेतली तर तो कागद धूर लपवत नाही.

ती ब्लँकिंग प्लेट

आता सुरुवातीच्या सल्ल्याकडे. ईजीआर बंद करणं म्हणजे पाइपच्या जोडात पत्र्याची एक प्लेट घालणं, किंवा ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून, व्हॉल्व्ह कायम बंद ठेवणं. हवा पूर्ण ताजी मिळते म्हणून काजळी कमी होते, आणि म्हणूनच पीयूसी पास होते. पण ज्वलनाचं तापमान चढतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. हेच वायू उन्हात जमिनीलगतचा ओझोन बनवतात आणि श्वासनलिकेला त्रास देतात. नुसती प्लेट घातली तर बहुतेक गाड्यांत काही दिवसांत पी०४०१ येऊन चेक इंजिन लाइट लागतो, मग तो घालवायला रीमॅप, असं एकातून एक लांबत जातं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ(४) खाली असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवल्याचं कलम १९०(२) वेगळं: दंड दहा हजारांपर्यंत आणि लायसन्स तीन महिने अपात्र. ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी चाचणीत ईजीआर काढलेला किंवा उघडपणे बदललेला आढळला तर गाडी नापास होते, तिथल्या मराठी मंडळींनी तर या वाटेला जाऊच नये.

चाचणीला एक आणि रस्त्यावर दुसरं, हा खेळ मोठ्या कंपनीनेही केलाय. फोक्सवॅगनच्या ज्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडं पडलं, ते चाचणी ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं नायट्रोजन ऑक्साइड आवरायचं. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या. अमेरिकेत निदान नायट्रोजन ऑक्साइड मोजणारं कोणीतरी होतं. पेट्रोल पंपाच्या टपरीतल्या स्मोक मीटरला ती नजरच नाही.

पेट्रोल आणि बीएस-सहावाल्यांसाठी

पेट्रोल गाडीची पीयूसी आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. बीएस-चारला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. पेट्रोल इंजिनात आयडलिंगला ईजीआर बंद असतो. तो उघडा अडकला तर गाडी आयडलिंगला थरथरते, मिस मारते, न जळलेलं पेट्रोल बाहेर पडून हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. बंद अडकला तर पीयूसीला फरक पडत नाही, चढावर इंजिन नॉक करू शकतं. मात्र बऱ्याच पेट्रोल गाड्यांत वेगळा ईजीआर व्हॉल्व्ह नसतोच, व्हॉल्व्ह टायमिंग बदलून तेच काम साधलेलं असतं. तेव्हा बोनेट उघडून शोधत बसण्याआधी गाडीचं मॅन्युअल बघा. पेट्रोलमध्ये नापास व्हायची नेहमीची कारणं प्लग, ऑक्सिजन सेन्सर आणि थकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

बीएस-सहा डिझेलला काजळी गाळणारा डीपीएफ असतो, त्यामुळे सायलेन्सरमधून धूर दिसतच नाही. ईजीआर बिघडला तर काजळी डीपीएफमध्ये भरते आणि रीजनरेशन (अडकलेली काजळी जाळून टाकणं) वारंवार लागतं. दर थोड्या दिवसांनी रीजनरेशन होत असेल तर ईजीआर तपासून घ्या. वॉरंटी असेपर्यंत स्वतः काही खोलू नका. आणि अशा गाडीतून डोळ्यांना दिसेल असा काळा धूर येत असेल तर डीपीएफ फुटलाय किंवा कोणीतरी तो पोकळ केलाय.

जुनी डिझेल घेताय?

बोनेट उघडून ईजीआर पाइपचे जोड टॉर्चने बघा. दोन तोंडांच्या मध्ये बाहेर डोकावणारा चकचकीत पत्रा दिसला, किंवा एकाच जोडाचे बोल्ट बाकीच्यांपेक्षा नवे दिसले, तर प्लेट घातलेली आहे. व्हॅक्यूमचा होज काढून त्यात बोल्ट किंवा छर्रा कोंबलेला असतो, तेही त्यातलंच. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही: स्कॅनर लावून गरम इंजिनवर हळू चालवताना ईजीआरची मागणी सतत शून्य दिसली तर विक्रेत्याला सरळ विचारा. इग्निशन ऑन केल्यावर चेक इंजिन लाइट क्षणभर लागून गेला पाहिजे. लागलाच नाही, तर तो बल्बच काढलेला असू शकतो. गाडी बाकी चांगली असेल तर नवा व्हॉल्व्ह, कूलर आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकण्याचा खर्च गॅरेजकडून लिहून घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कापून मागा.